परवानगीचा रकाना

गाडी खांबावर आदळली, त्या वेळी थोरली एका निवृत्त न्यायाधीशांच्या वरच्या जबड्यात सहावा दात बसवत होती. न्यायाधीश स्वतः तिथे नव्हते. ते घरी बोळकं मिटून वाट बघत होते आणि त्यांच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा लॅबमध्ये थोरलीच्या टेबलावर होता. मेणात दात बसवायचं काम असं असतं, की त्या वेळी शिंकसुद्धा परवानगी काढून द्यावी लागते. फोन तीनदा वाजला, तिने वाजू दिला. चौथ्यांदा वाजला तेव्हा मेणाची सुरी दातांत धरून तिने तो कोपराने सुरू केला.

"ताई, रागावू नकोस," धाकटा म्हणाला.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. वय वर्षं एकोणतीस. त्याचं प्रत्येक महत्त्वाचं वाक्य याच तीन शब्दांनी सुरू होत असे. त्यापुढे काय येईल एवढाच प्रश्न असे. लहानपणी कंपासपेटी यायची, मग सायकल, मग इस्त्री, मग तिचा नवा चार्जर, आणि एकदा तर तिचं लायब्ररीचं कार्ड, जे त्याने पुस्तक आणायला नव्हे तर दुधाची पिशवी कापायला वापरलं होतं.

"काय नेलंस?" तिने विचारलं.

"गाडी."

"कुठे?"

"गाद्यांच्या दुकानात."

"तुला गादी कशाला हवी?"

"गादी नकोय गं. दुकानात म्हणजे... आत. गाडी आत आहे."

थोरलीने न्यायाधीशांचा जबडा हळूच बाजूला ठेवला.

त्या दुकानात चाळीसएक गाद्या होत्या. काही थप्प्या लावून बाहेर मांडलेल्या, काही काचेला टेकवून उभ्या केलेल्या. डोळे मिटून कोणी त्या दुकानावर गाडी घातली असती, तरी ती गाद्यांवर जाऊन डुलकी काढण्याखेरीज दुसरं काही करू शकली नसती. पण तिची गाडी दोन थप्प्यांच्या मधून, एकाही गादीला धक्का न लावता गेली आणि दुकानातल्या एकुलत्या एका खांबाला जाऊन भिडली. कोणाला काही झालं नाही. गाडीचं नाक मात्र तिच्या पोटात गेलं होतं. गाडीत एअरबॅग होती, ती जागची हलली नाही. बहुधा तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

थोरली पोचली तेव्हा धाकटा खांबाशेजारी उभा होता. अंगावर ओरखडा नाही, शर्टाची इस्त्री मोडलेली नाही. "माझी चूक आहे ताई," तो म्हणाला. "मी न विचारता गाडी नेली. सगळी जबाबदारी माझी."

खरं म्हणजे तिला संशय यायला हवा होता तो तिथेच. चार्जर त्याच्या खिशातून बाहेर लोंबत असताना कानावर हात ठेवणारा हा माणूस. त्याने जन्मात कधी गुन्हा कबूल केला नव्हता. पण तिचं सगळं लक्ष गाडीकडे होतं. ती गाडी तिने स्वतःच्या कमाईतून घेतली होती. त्या घरातली ती एकमेव वस्तू होती, जिच्यावर फक्त तिचं नाव होतं. आठवड्यातले दोन दिवस मागच्या सीटवर फोमचे खण लावून ती गावभरच्या दवाखान्यांत कवळ्या पोचवत असे. एरवी गाडी दारात उभी असे आणि किल्ली दाराशेजारच्या फळीवर.

किल्लीच्या जागेबद्दल सांगायला हवं, कारण पुढे विमा कंपनीने ती जागा फूटपट्टी लावून मोजली. थोरलीने दोन वर्षांपूर्वी अप्पांसाठी, म्हणजे वडिलांसाठी, कवळी केली होती. तिचा पहिला नमुना फसला, दुसरा जमला. फसलेला नमुना टाकवेना म्हणून फळीवर ठेवला. घरात आलं की गाडीची किल्ली त्या दातांत अडकवायची, अशी पद्धत पडली. पाहुण्यांना वाटे, फळी आपल्याकडे बघून हसते आहे. नियम एकच होता: थोरलीला विचारल्याशिवाय दातांतून किल्ली काढायची नाही. हा नियम घरातल्या दोन्ही पुरुषांना मान्य होता. तो पाळायचा असतो, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

अप्पांचा तर तसा प्रश्नच नव्हता. त्यांचं लायसन्स दोन वर्षांपूर्वी संपलं, ते परत झालं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, तेव्हा अप्पांनी विचारलं होतं, "कुठली भिंत?"

तर थोरलीने विमा कंपनीला फोन लावला. सात वर्षं तिने इमानेइतबारे विमा भरला होता आणि बदल्यात तिला दर वाढदिवसाला एक मेसेज येत असे, ज्यात तिला दीर्घायुष्य चिंतलेलं असे. आधी वीस मिनिटं बासरी वाजली. मग एक मुलगी आली.

"सर्वप्रथम, आपण सुखरूप आहात ना मॅडम?"

"मी गाडीत नव्हते."

"अभिनंदन मॅडम. गाडी कोण चालवत होतं?"

"माझा भाऊ. मला न विचारता नेली त्याने."

पलीकडे की-बोर्डचा आवाज झाला आणि थांबला. "मॅडम, हा रकाना क्रमांक चौदा आहे. यात तीन पर्याय आहेत. अ, मालक स्वतः. आ, मालकाच्या परवानगीने दुसरी व्यक्ती. इ, चोर. यातला कुठला घेऊ?"

"यातला कुठलाच नाही. भाऊ आहे म्हटलं ना."

"आपण परवानगी दिली होती का मॅडम?"

"नाही."

"मग चोर."

"अहो, चोर कसा? तो आमच्याच घरात राहतो. सकाळी माझ्यासमोर चहा प्यायला."

"मॅडम, सिस्टिममध्ये भाऊ नाहीये," ती मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली. "इ घेतलंत तर पोलीस तक्रारीची प्रत लागेल. चोराचं ओळखपत्र मिळालं तर तेही जोडा, काम लवकर होतं. आ घेतलंत तर फक्त त्यांचं लायसन्स जोडायचं. विचार करून ठरवा. बाकी मी आपली काही मदत करू शकते का?"

फॉर्म अकरा पानांचा होता. थोरलीने बाकीचे सगळे रकाने एका बैठकीत भरले. गाडीचा रंग, खांबाचा रंग, खांब आधीपासून तिथे होता का, असे सगळे. फक्त चौदा कोरा ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी छापील कागदावर तिला विचारलं होतं की तुमची परवानगी होती का. कंपासपेटीच्या वेळी असा कागद कोणी पुढे केला नव्हता. त्यावर स्वच्छ अक्षरात "नव्हती" लिहायची तिला इतकी ओढ लागली होती, की ती पेन हातात घेऊन नुसतीच बसून राही. पण "नव्हती" लिहिलं की भाऊ चोर, आणि रकाना कोराच ठेवला तर गाडी गेली.

घरात तर सगळ्यांचं ठरलेलंच होतं. धाकटा अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी गच्चीकडच्या मोठ्या खोलीत राहायला गेला होता. ती खोली अप्पांची. पण धक्क्यातून सावरायला मोकळी हवा लागते असं अप्पांनीच सुचवलं आणि स्वतःचं अंथरूण उचलून ते बाहेरच्या खोलीत आले. त्याच दिवशी अप्पांचं तोंडही आलं. ते दिवसभर तोंडावर रुमाल धरून बसत, सूप पीत आणि फार बोलत नसत. अप्पा फार बोलत नाहीत, ही त्या घराच्या इतिहासातली अपघातापेक्षा मोठी घटना होती, पण तीही थोरलीच्या नजरेतून निसटली.

"मी बघू का तोंड?" तिने एकदा विचारलं. "कवळी लागत असेल."

"नाही नाही," अप्पा रुमालातून म्हणाले. "उष्णता आहे. तू फॉर्मचं बघ. लिही ना, परवानगी दिली होती म्हणून. त्यात काय एवढं?"

"दिली नव्हती, अप्पा."

"मागितली असती तर दिली असतीस."

"नसती दिली."

"बघ," अप्पा म्हणाले. "म्हणूनच मागितली नाही त्याने."

या युक्तिवादावर धाकट्याने गच्चीतून मान डोलावली.

थोरली आठ दिवस हटून बसली. नवव्या दिवशी पुन्हा वाटपाचा वार आला. चौदा कवळ्या, त्यातली एक न्यायाधीशांची, डब्यांत भरून, डबे खोक्यात ठेवून, खोकं मांडीवर घेऊन ती बसने निघाली. तिसऱ्या थांब्यापाशी ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. खोकं उडालं, डबे उघडले आणि भर गर्दीच्या बसमध्ये लोकांच्या पायांत चौदा माणसांचं हसू सांडलं. कोणीतरी किंचाळलं. एका आजोबांनी प्रामाणिकपणे आधी स्वतःचं तोंड चाचपून पाहिलं. थोरली गुडघ्यांवर रांगत "जरा पाय उचला, जरा पाय उचला" म्हणत सीटांखालून दात गोळा करत होती. चौदावी कवळी एका बाईंच्या पर्समध्ये सापडली. न्यायाधीशांची. नंतर ती साबणाने तीनदा धुतली तरी तिला अत्तराचा वास येत राहिला.

त्या दिवशी घरी येऊन तिने रकाना चौदामध्ये "आ" वर खूण केली. इतक्या जोरात, की पुढच्या तीन पानांवर परवानगी उमटली.

"वा," अप्पा रुमालातून म्हणाले.

"ताई, तू ग्रेट आहेस," धाकटा म्हणाला आणि तिच्या पेनाने लायसन्सच्या प्रतीवर सही करून ते पेन खिशात घालून गेला.

चार दिवसांनी कंपनीचा सर्व्हेअर आला. बारीक, निवांत माणूस. पुढच्या दाताला टोपी बसवलेली, शेजारच्या दातांपेक्षा दोन छटा पांढरी. थोरली कोणालाही आधी दातांवरून ओळखत असे आणि मग नाइलाजाने चेहऱ्यावरून. हा दात कोणीतरी घाईत केला आहे, हे तिने मनात नोंदवलं.

"किल्ली कुठे असते?" सर्व्हेअरने विचारलं.

"जबड्यात."

त्याने ते लिहून घेतलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग फळीची उंची मोजली, जबड्याची रुंदी मोजली, आणि वहीत "किल्ली मिळण्यास सुलभ" असा शेरा मारला. मग धाकट्याला समोर बसवलं.

"अपघात कसा झाला?"

"कुत्रं आडवं आलं एकदम."

"रंग?"

"काळा."

"तपकिरी," आतून अप्पांचा आवाज आला.

सर्व्हेअरने मान वर केली, आतल्या दाराकडे पाहिलं, मग पुन्हा खाली घातली. "दोन कुत्री," असं म्हणत त्याने लिहून घेतलं. "तोंडाला कुठे लागलं?"

"मला? नाही. काहीच नाही लागलं."

"जरा दात दाखवा."

धाकट्याने दात दाखवले. त्याचे पुढचे दोन दात लहानपणापासून एकमेकांशी बोलत नसत. एक डावीकडे बघे, दुसरा उजवीकडे, आणि मधून एक तिसरा डोकावे. सर्व्हेअर ते दृश्य बराच वेळ बघत राहिला. मग मोबाइलवर फोटो काढला, आभार मानले, चहा नको म्हणाला आणि गेला.

"झालं काम," धाकटा म्हणाला.

थोरलीलाही तसंच वाटलं. तिने गॅरेजवाल्याला फोन करून गाडीचं नाक नवीन मिळेल का ते विचारूनही ठेवलं.

पुढच्या आठवड्यात लॅबच्या मालकांनी तिच्या टेबलावर एक पाकीट आणून ठेवलं. मालकांना सगळे सर म्हणत. सर स्वतः कवळ्या करत नसत. ते फक्त लॅबला कवळ्या येत असल्याचं जगाला सांगत. "विमा कंपनीकडून आलंय," ते म्हणाले. "कुठलीतरी अपघाताची केस आहे. त्यांना एक स्वतंत्र, तटस्थ दंततज्ज्ञ हवाय. चाव्याचं आहे, तूच बघ. मी सही करतो."

पत्रात नावं काळी केलेली होती. मजकूर असा, की एका अपघातग्रस्त वाहनाच्या स्टिअरिंगवर दातांचा खोल ठसा आढळला आहे. चालकाच्या म्हणण्यानुसार त्याच्या तोंडाला इजा झालेली नाही. तरी तज्ज्ञांनी कळवावे: एक, हा चावा माणसाचा आहे काय? दोन, सोबतच्या व्यक्तीचा आहे काय? तीन, अन्य काही निरीक्षण असल्यास.

सोबतच्या व्यक्तीचा फोटो जोडला होता. गोपनीयतेसाठी तिचे डोळे काळ्या पट्टीने झाकले होते. दात उघडे ठेवले होते.

धाकटा.

थोरलीने दुसरा फोटो उचलला. काळं स्टिअरिंग कव्हर, खालच्या बाजूला लाल टाके. काळा दोरा संपला म्हणून तिनेच रविवारी दुपारी लाल दोऱ्याने ते शिवलं होतं. आणि वरच्या बाजूला, रबरात खोल रुतलेला, वरच्या दातांचा गोल ठसा. एकही दात चुकलेला नाही, एकही घसरलेला नाही. डावा सुळा मात्र केसभर आत वळलेला. अप्पांचा खरा सुळा तरुणपणी तसाच होता. जुना फोटो टेबलाला चिकटवून, दिव्याच्या आचेवर मेण मऊ करत, तो सुळा तिने एका अख्ख्या संध्याकाळी तेवढाच, केसभर, वळवला होता.

ती उठली, फोटो पिशवीत टाकला आणि भर दुपारी चालत घरी गेली.

अप्पा सूप पीत होते. धाकटा त्यांच्या शेजारी बसून तिच्या इअरफोनवर गाणी ऐकत होता.

"अप्पा, तोंड उघडा."

"अगं, तोंड आलंय..."

"उघडा."

अप्पांनी रुमाल काढला. ओठाच्या आत भरत आलेली लांब जखम होती. कवळी शाबूत. एक चरासुद्धा नाही. थोरलीने फोटो सूपच्या वाटीशेजारी ठेवला. अप्पांनी तो डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"हे काय आहे?"

"तुम्ही आहात."

धाकट्याने एक इअरफोन काढला. "ताई, रागावू नकोस. अप्पांचाच फोन आला मला. खांबाजवळून. मी चालत गेलो तिथे. लायसन्स माझंच आहे ना घरात, म्हणून म्हटलं आपण आपलं नाव पुढे करू. माणुसकी म्हणून."

"आणि गच्चीची खोली?"

"ती नंतर ठरली," तो म्हणाला. "ती पण माणुसकीच. अप्पांची."

थोरली खुर्ची ओढून अप्पांच्या समोर बसली. "कुठे निघाला होतात?"

अप्पांनी सूप ढवळलं. "पुलापलीकडे."

"पुलापलीकडे काय आहे?"

"तो... दुसरा कवळीवाला."

धाकट्याच्या कानातलं गाणं आता सगळ्यांना ऐकू आलं. गाडी मोडली हे थोरलीने तीन आठवडे सोसलं होतं. बसमध्ये रांगणं सोसलं होतं. फॉर्मवर खोटं लिहिलं होतं. पण इथे पाणी डोक्यावरून गेलं. सुताराच्या बापाने दुसऱ्याकडून खुर्ची आणावी आणि ती आणायला सुताराचाच टेम्पो पळवावा, असा प्रकार होता हा.

"का?" ती एवढंच म्हणाली.

"वाजते गं ती. बोलताना टक टक होतं. आणि जरा सैल वाटते," अप्पा म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं तुला."

"म्हणून गाडी मोडलीत."

"मोडायला नव्हती नेली!"

"सैल वाटते?"

"थोडी."

"सैल," थोरली पुन्हा म्हणाली. तिचा आवाज शांत होता. तो शांत झाला की धाकटा लहानपणी पलंगाखाली जात असे. आता पलंग गच्चीकडच्या खोलीत होता आणि तो लांब पडला.

"ताई, आता काय लिहिणार तू?" त्याने विचारलं. "खरं लिहिलंस तर अप्पांचं लायसन्स नाही म्हणून गाडी बुडाली. शिवाय फॉर्म तूच भरलायस. तूच अडकशील. लिहून टाक ना, कुत्र्याचा चावा आहे."

"कुठल्या? काळ्या की तपकिरी?"

धाकट्याने इअरफोन परत कानात घातला.

लॅबमध्ये परत येऊन तिने कोरा कागद घेतला. प्रश्न क्रमांक एकपुढे लिहिलं: "ठसा अस्पष्ट आहे. मत देता येत नाही." एवढं पुरेसं होतं. सरांची सही झाली असती, फाइल बंद झाली असती, महिन्याभरात गाडी नव्या नाकासह दारात आली असती. अप्पा अप्पा राहिले असते, भाऊ भाऊ राहिला असता. तिने कागद घडी करून पाकिटात घातला. मग शेवटचं म्हणून फोटोकडे पाहिलं.

अस्पष्ट? असा ठसा तिने अकरा वर्षांत पाहिला नव्हता. दवाखान्यात माणसाला खुर्चीत बसवून, डोकं धरून, "चावा, हळू चावा, आता सोडा" असं दहा वेळा म्हटलं तरी इतका स्वच्छ चावा उमटत नाही. गाडी खांबावर आदळते, सत्तरीतला माणूस स्टिअरिंगवर तोंडघशी पडतो, आणि त्याची कवळी जागची हलत नाही. कवळी सैल असती, तर काचेतून बाहेर जाऊन एखाद्या गादीवर पडली असती.

तिने पाकीट फाडलं आणि नवा कागद घेतला.

"एक. चावा माणसाचा आहे, पण दात माणसाचे नाहीत. ही वरच्या जबड्याची पूर्ण कवळी आहे. दोन. सोबतच्या व्यक्तीचा हा चावा नाही. त्या व्यक्तीला इतकं सरळ चावता येणं शक्य नाही. तीन, अन्य निरीक्षण. सदर कवळी मी तयार केलेली आहे. डावा सुळा मुद्दाम वळवलेला आहे, तो दोष समजू नये. एवढ्या जोराच्या धडकेत कवळी एका केसानेही सरकलेली नाही. त्यामुळे ती सैल आहे ही ग्राहकाची तक्रार पूर्णपणे निराधार ठरते. ग्राहक माझे वडील आहेत. गाडी माझी आहे. मी फॉर्ममध्ये रकाना चौदा चुकीचा भरला होता, तो कृपया असा वाचावा: परवानगी नव्हती. कोणालाच नव्हती."

शेवटची दोन वाक्यं तिने सुवाच्य अक्षरात लिहिली. तिच्या सहीखाली सरांनी न वाचता आपली सही केली. ते नेहमी तसंच करत.

पंधरा दिवसांनी कंपनीकडून एकाच दिवशी दोन पत्रं आली. पहिलं घरी. खोटी माहिती दिल्याबद्दल तिचा दावा फेटाळण्यात येत आहे, कंपनीला तीव्र खेद वाटतो, आणि यापुढे तिच्याशी व्यवहार करताना कंपनी सावध राहील. दुसरं लॅबच्या पत्त्यावर. तज्ज्ञांचे मत अत्यंत निर्भीड व उपयुक्त असून त्यामुळे कंपनीची फसवणूक टळली, तरी तज्ज्ञांनी कंपनीच्या कायमस्वरूपी यादीवर यावे ही विनंती. दोन्ही पत्रांखाली एकाच माणसाची सही होती. संध्याकाळी मोबाइलवर मेसेजही आला: आमच्या सेवेला तुम्ही पाचपैकी किती तारे द्याल?

गाडीवर तिने पाणी सोडलं. गॅरेजवाल्याने ती भंगारात काढली, तेव्हा तिने स्टिअरिंग तेवढं सोडवून आणलं. ते आता लॅबमध्ये तिच्या टेबलामागे भिंतीवर टांगलेलं आहे. नवे ग्राहक कवळी घट्ट बसेल ना, असं विचारतात, तेव्हा ती नुसतं वर बोट दाखवते. गच्चीकडची खोली धाकट्याने सोडली नाही. शब्द म्हणजे शब्द, असं त्याचं म्हणणं आहे.

अप्पांना मात्र शिक्षा झाली. वाटपाच्या वारी खोकं मांडीवर धरून तिच्याबरोबर बसने यायचं. दोन्ही हातांनी धरायचं, ब्रेक लागला तरी सोडायचं नाही. पहिल्या दिवशी ते सगळा रस्ता गप्प होते. दुसऱ्या खेपेला, बस पुलावर आली तेव्हा, त्यांनी खिडकीपलीकडे बोट दाखवलं.

"तिथेच आहे त्याचं दुकान. निळी पाटी."

"तुम्हाला पाटी दिसते?"

"निळं काहीतरी दिसतं." अप्पांनी बोट आत घेतलं. "मी जाताना नव्हतो आपटलो. येताना आपटलो."

थोरलीने मान वळवली. "म्हणजे त्याने कवळी पाहिली?"

"दिवा लावून पाहिली. वरून, खालून. मग म्हणाला, कोणी केली? मी म्हटलं, मुलीने. तर म्हणाला, मग माझ्याकडे कशाला आलात? याला मी हात लावला तर बिघडेल. म्हटलं, अहो, पण वाजते. तर म्हणाला, कवळी नाही वाजत, तुम्ही फार बोलता."

बस पुलावरून खाली उतरली.

"हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? गाडी नेल्याचं कळलं असतं ना." अप्पांनी खोकं नीट धरलं. "तेच घोळवत येत होतो डोक्यात. की घरी गेल्यावर तुला हे कसं सांगायचं, गाडीचं न सांगता. तेवढ्यात खांब आला."

"आणि कुत्रं?"

"कुत्रं नव्हतं."

थोरली समोर बघत राहिली. तिच्या तोंडाचा एक कोपरा, केसभर, आत वळला. थांबा आला, खिडकीशी बसलेला माणूस उतरला, जागा रिकामी झाली. अप्पा सवयीने तिकडे सरकायला लागले आणि अर्ध्यातच थांबले. खोकं मांडीवर, एक पाय पुढे, एक मागे.

"मी," ते म्हणाले, आणि शब्द शोधायला त्यांना जरा वेळ लागला. "मी खिडकीशी बसू का?"

थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग रिकाम्या जागेकडे पाहिलं. घाई करण्यासारखं काही नव्हतं. तिने दोन थांबे जाऊ दिले.